२,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे, हे वहीत स्वतः पडताळून कसं पाहायचं

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ही संख्या ओळखीची असते, कारण धन-ऋण दोन्ही संख्या धरणाऱ्या ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी धन संख्या आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आलेली जुनी संगणक-घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी बरोबर या आकड्यावर पोचतील. पुढच्या सेकंदाला त्यांच्याकडे जागाच उरणार नाही.

पण ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं? १७७२ मध्ये गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी सेंट पीटर्सबर्गहून डॅनियल बर्नुली यांना पत्रात कळवलं. तेव्हा ऑयलर पासष्टीचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती. दिसत नसताना त्यांनी दहा अंकी संख्येचा निकाल लावला. हे वाचल्यापासून मला वाटत आलं आहे की आपल्याकडे वही आहे, डोळे आहेत, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, तर हा निकाल नुसता ऐकून सोडून देणं बरं नाही. तो हाताने करून पाहावा. या लेखात मी तीच वाट पायरीपायरीने दाखवतो आहे. आठवी-नववीचं गणित पुरतं. लागेल ती चिकाटी.

लेखात ^ हे चिन्ह घातासाठी वापरलं आहे. २^५ म्हणजे २ चा पाचवा घात, ३२.

संख्या कोणत्या घराण्यातली आहे ते पाहा

२ ला स्वतःनेच ३१ वेळा गुणून आलेल्या गुणाकारातून १ वजा करा. २,१४,७४,८३,६४८ वजा १. आपली संख्या आली. २^घ − १ या रूपातल्या संख्यांना सतराव्या शतकातल्या मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंच्या नावाने मर्सेन संख्या म्हणतात. पुढचं सगळं काम या रूपावर उभं आहे. हीच संख्या कुठूनतरी सहज उचललेली असती तर पुढच्या युक्त्यांपैकी जवळजवळ एकही चालली नसती.

पहिली तपासणी घातांकाची. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्त असते. १५ म्हणजे ३ गुणिले ५, म्हणून २^१५ − १ ला २^३ − १ (७) आणि २^५ − १ (३१) या दोघांनीही भाग जातो: ३२,७६७ = ७ × ३१ × १५१. आपला घातांक ३१ मूळ आहे, तेव्हा इथे अडत नाही.

मात्र घातांक मूळ असला म्हणून संख्या मूळ असतेच असं नाही, आणि इथे भले भले फसले आहेत. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. इटलीतल्या पिएत्रो कातालदी यांनी १५८८ मध्ये १७ आणि १९ हे घातांक बरोबर तपासले, पण २३, २९ आणि ३७ यांच्याही संख्या मूळ आहेत असं सांगून टाकलं. १६४० मध्ये फर्मा यांनी २३ आणि ३७ खोडून काढले आणि १७३८ मध्ये ऑयलर यांनी २९. कातालदींच्या यादीत ३१ सुद्धा होता आणि तो खरा ठरला, पण त्यासाठी एकशे चौऱ्याऐंशी वर्षं जावी लागली.

सरधोपट मार्ग किती लांबचा आहे ते मोजा

संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे (४६,३४० चा वर्ग २,१४,७३,९५,६००, पुढच्याचा वर्ग आपल्या संख्येला ओलांडून जातो). ४६,३४० पर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. म्हणजे ४,७९२ भागाकार, तेही आधी त्या मूळ संख्यांची यादी हाताशी असेल तर. एका भागाकाराला दोन मिनिटं धरली तरी १६० तास झाले. हे आपण करणार नाही.

पहिली चाळणी: ६२ ची

समजा भ ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २^३१ ला भ ने भागल्यावर बाकी १ उरणार. आता २, ४, ८, १६, ३२... यांना भ ने भागत जा आणि नुसत्या बाक्या लिहा. त्या कधीतरी १ वर येतात आणि तिथून तोच फेरा पुन्हा सुरू होतो. ३१ व्या जागी १ आहे, म्हणून फेऱ्याची लांबी ३१ ला भागणारी असली पाहिजे. ३१ मूळ असल्यामुळे ती १ तरी असेल नाहीतर ३१. लांबी १ असेल तर २ ला भ ने भागून बाकी १ उरायला हवी, ते शक्य नाही. म्हणून फेरा ३१ चाच.

फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की २^(भ − १) ला भ ने भागल्यावर बाकी १ येते. म्हणजे भ − १ इतकी पावलं टाकली की फेरे पुरे होतात, अर्धवट राहत नाहीत. तेव्हा भ − १ ला ३१ ने भाग जातो. भ विषम आहे, म्हणून भ − १ सम, म्हणून त्याला ६२ नेही भाग जातो. निष्कर्ष: भ हा ६२क + १ या रूपाचाच असला पाहिजे, क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या.

एवढ्यावर जरा थांबा, आणि हे दुसऱ्या घातांकांवर लावून पाहा. घातांक ११ असेल तर भाजक २२क + १ चा: पहिलाच उमेदवार २३, आणि तो २०४७ ला भागतो. घातांक २३ असेल तर ४६क + १: पहिलाच उमेदवार ४७, आणि तोही भागतो. घातांक ३७ साठी ७४क + १: ७५, १४९, २२३, आणि २२३ ने भाग जातो. कातालदींच्या चुका दोन-तीन ओळींत उघड्या पडतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

दुसरी चाळणी: ८ ची

२^३१ ची बाकी १, म्हणजे २^३२ ची बाकी २. आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे भ ने भागताना २ ही एका पूर्ण वर्गाची बाकी ठरली. ज्या विषम मूळ भाजकांच्या बाबतीत असं घडतं, त्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. हा सिद्धांत इथे सिद्ध करत नाही, पण ७, १७, २३ यांवर तो खरा उतरतो आणि ३, ५, ११, १३ यांना २ अशी वर्गाची बाकी मिळतच नाही, एवढं पडताळून पाहा.

दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की उरतात फक्त दोन रांगा:

२४८क + १ : २४९, ४९७, ७४५, ९९३, १२४१, १४८९...
२४८क + ६३ : ६३, ३११, ५५९, ८०७, १०५५, १३०३...

४६,३४० पर्यंत पहिल्या रांगेत १८६ संख्या आहेत आणि दुसरीत १८७. एकूण ३७३. त्यातल्या ६३ ला ९ ने भाग जातो हे डोळ्यांनाच दिसतं, ती सोडली की ३७२. ऑयलर यांना जास्तीत जास्त ३७२ भागाकार पुरेसे होते असं जे सांगितलं जातं, त्या आकड्याचा उगम हा.

त्यातही सगळे करावे लागत नाहीत. उमेदवार स्वतः संयुक्त असेल तर त्याला तपासण्यात अर्थ नाही, कारण त्याचे मूळ अवयव भाजक असते तर ते याच रांगांत वेगळे भेटले असते. २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ = १३ × ४३. असे काढून टाकले की ऐंशीच्या आसपास खरे उमेदवार उरतात. ४,७९२ वरून ऐंशीवर! एका माणसाचं, एका वहीचं काम.

वही कशी आखायची आणि भागाकार कसा करायचा

शंभर पानी वही घ्या आणि उभे चार रकाने आखा: उमेदवार, संयुक्त असेल तर त्याचा एखादा अवयव, अर्धी बाकी, शेवटची बाकी. चौथा रकाना नंतर ताळा घ्यायला फार उपयोगी पडतो, तो गाळू नका.

दहा अंकी संख्येला थेट भागत बसू नका. २^३१ म्हणजे २^१५ चा वर्ग आणि त्याची दुप्पट. २^१५ = ३२,७६८. म्हणून:

उमेदवाराने ३२,७६८ ला भागा आणि बाकी घ्या. ही अर्धी बाकी. तिचा वर्ग करा, दुप्पट करा, पुन्हा उमेदवाराने भागा. आलेली बाकी १ असेल तर उमेदवार आपल्या संख्येला भागतो. १ सोडून काहीही असेल तर उमेदवार बाद.

१४८९ घेऊन करू. १४८९ × २२ = ३२,७५८. म्हणून अर्धी बाकी १०. दहाचा वर्ग १००, दुप्पट २००. २०० हे १४८९ पेक्षा लहानच, म्हणून शेवटची बाकी २००. ती १ नाही. बाद. दहा अंकी संख्येचा भागाकार तोंडी झाला.

३११ ला थोडं जास्त काम आहे. ३११ × १०५ = ३२,६५५, अर्धी बाकी ११३. वर्ग १२,७६९, दुप्पट २५,५३८. ३११ × ८२ = २५,५०२, बाकी ३६. बाद. १३०३ ची अर्धी बाकी १९३ येते आणि शेवटची २२७. तोही बाद.

या कामाला लागण्याआधी एकदा यशस्वी पकड करून पाहा, म्हणजे बाकी १ आली की कसं वाटतं ते कळेल. घातांक २९ घ्या. भाजक ५८क + १ चे: ५९, ११७, १७५, २३३. यातले ५९ आणि ११७ आठाच्या चाळणीत अडकतात, १७५ ला ५ ने भाग जातो. उरला २३३. इथे २^२९ म्हणजे २^१४ चा वर्ग दुप्पट. १६,३८४ ला २३३ ने भागल्यावर बाकी ७४. वर्ग ५,४७६, दुप्पट १०,९५२. आणि २३३ × ४७ = १०,९५१. बाकी १! कातालदींनी मूळ म्हणून सांगितलेली दुसरी संख्या तुमच्या वहीत पाच ओळींत मोडली.

मला ३१ चं हे काम पुरं करायला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी एक चूक झाली: २४८क + ६३ च्या रांगेत एका जागी २४८ ऐवजी २४७ मिळवले, आणि तिथून पुढचे सगळे उमेदवार एकाने चुकले. बाकी एकदाही १ येत नव्हती, त्यामुळे चूक कळायला काहीच वाव नव्हता. बिनचूक दिसणारी, पण काहीही सिद्ध न करणारी सहा पानं भरली. तेव्हापासून दर पानाच्या शेवटी मी शेवटच्या उमेदवाराला ३१ ने भागून पाहतो. बाकी १ आलीच पाहिजे. तुम्हीही हे करा.

दुसरी वाट: भागाकारांशिवाय

भाजक शोधत बसण्यापेक्षा वेगळी, आणि माझ्या मते गणितात सापडणाऱ्या सर्वांत सुंदर कसोट्यांपैकी एक, म्हणजे ल्युका–लेमर कसोटी. फ्रान्सचे एदुआर ल्युका यांनी १८७६ च्या सुमारास तिचा पाया घातला आणि अमेरिकेतले डेरिक हेन्री लेमर यांनी १९३० मध्ये तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं. कृती एका वाक्यात मावते: ४ पासून सुरुवात करा, दर वेळी आधीच्या संख्येचा वर्ग करून २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांक घ असेल तर घ − १ व्या जागी ० आला की संख्या मूळ, नाही आला तर संयुक्त. घातांक विषम मूळ हवा, एवढीच अट.

इथे भागाकार करायची एक सोपी रीत आहे आणि ती तुम्हाला शाळेपासून येते. नवाचा ताळा आठवा. संख्येला ९ ने भागून बाकी काढायची तर आपण अंकांची बेरीज करतो, कारण १० ला ९ ने भागून १ उरतो, म्हणून दशकही एकक म्हणूनच मोजता येतो. तसंच १२८ ला १२७ ने भागून १ उरतो. तेव्हा १२७ ने भागायचं असेल तर संख्येत १२८ किती वेळा बसतो आणि वर किती उरतात, या दोन आकड्यांची बेरीज करायची. नवाचाच ताळा, फक्त पाया दहाऐवजी १२८.

१२७ (घातांक ७) वर पूर्ण करून दाखवतो:

१) ४
२) १६ − २ = १४
३) १९६ − २ = १९४. एक १२८ आणि वर ६६, बेरीज ६७
४) ४,४८९ − २ = ४,४८७. पस्तीस १२८ आणि वर ७, बेरीज ४२
५) १,७६४ − २ = १,७६२. तेरा १२८ आणि वर ९८, बेरीज १११
६) १२,३२१ − २ = १२,३१९ = १२७ × ९७. बाकी ०

सहाव्या जागी शून्य. १२७ मूळ.

पाचव्या ओळीतला १११ नीट पाहा. तो १२७ ला १६ कमी आहे. १६ चा वर्ग २५६, म्हणजे दोन १२८, म्हणजे बाकी २. त्यातून २ गेले, शून्य उरलं. मर्सेन संख्या मूळ असेल तर शून्याच्या आधी नेहमी २ चा (घ + १)/२ वा घात येतो, नाहीतर मर्सेन संख्येतून तो घात वजा करून येणारी संख्या. हा फुकटचा ताळा आहे. उपांत्य ओळीत हे रूप दिसलं नाही तर शून्याची वाट पाहू नका.

आता ८,१९१ (घातांक १३) स्वतः करा. इथे पाया ८,१९२. चौथ्या जागी ४,८७०, आठव्या जागी अवघे ३६, अकराव्या जागी १२८ आणि बाराव्या जागी ० आला पाहिजे. १२८ म्हणजे २^७, आणि १३ + १ चे निम्मे ७. संयुक्त संख्येवर कसं दिसतं ते २०४७ वर बघा: दहाव्या जागी ० च्या ऐवजी १७३६ येतात आणि तिचं बिंग फुटतं.

आपल्या संख्येसाठी स्प्रेडशीट

३१ घातांकासाठी वर्ग एकोणीस अंकांपर्यंत जातात. फोनचा कॅल्क्युलेटर इतके अंक सहसा धरत नाही, आणि स्प्रेडशीट पहिले पंधरा अंकच खरे ठेवते, त्यापुढे गुपचूप शून्यं भरते. चूक झाल्याचा इशाराही देत नाही. म्हणून संख्या मधोमध तोडायची.

दर संख्येचे दोन तुकडे करा: तिला ६५,५३६ ने (२^१६ ने) भागून येणारा भागाकार हा डावा तुकडा ड, बाकी हा उजवा तुकडा उ. मग संख्येचा वर्ग म्हणजे ड² × २^३२, अधिक ड × उ × २^१७, अधिक उ². त्यातला २^३२ आपल्या ताळ्यानुसार नुसता २ होतो. म्हणून

वर्ग − २ च्या जागी घ्या: २ × ड² + १,३१,०७२ × ड × उ + उ² − २

हा आकडा कधीही पंधरा अंकांच्या वर जात नाही, म्हणून स्प्रेडशीटच्या मर्यादेत बसतो. पाच रकाने करा: संख्या, ड, उ, वरचं सूत्र, आणि सूत्राच्या उत्तराला २१४७४८३६४७ ने भागून येणारी बाकी. पाचव्या रकान्यातली बाकी पुढच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात आणा. दुसरी ओळ तयार झाली की खाली ओढत तिसाव्या ओळीपर्यंत न्या.

तुमचं पान बरोबर चाललं आहे का हे पाहायला सुरुवातीच्या ओळी: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४, ६६९६७०८३८, १९३७२५९४१९. सहावी ओळ मी हाताने केली होती, ती सविस्तर देतो. पाचवी संख्या १४१६३१७९५४. तिचा ड २१,६११ आणि उ १९,४५८. २ × ड² = ९३४०७०६४२. ड × उ = ४२०५०६८३८, त्याला १,३१,०७२ ने गुणून ५५११६६७२२७०३३६. उ² = ३७८६१३७६४. सगळ्यांची बेरीज करून २ वजा केले की ५५११७९८४९५४७४०. त्यात आपली संख्या २५,६६६ वेळा बसते आणि ६६९६७०८३८ उरतात.

एकोणतिसाव्या ओळीत ६५,५३६ येईल. २^१६, अगदी अपेक्षेप्रमाणे. तिसाव्या ओळीत ०. ऑयलर यांनी पत्रात लिहिलेली गोष्ट तुमच्या पडद्यावर.

ओळी मोजताना ४ ही पहिली ओळ धरायची, हे ध्यानात ठेवा. काही जण तिला शून्यावी धरतात आणि मग एका ओळीचा घोळ होतो.

एका कसोटीपासून सावध राहा. फर्माच्या सिद्धांतावरून झटपट चाचणी म्हणून २^(सं − १) ला सं ने भागून बाकी १ येते का ते पाहतात. सं म्हणजे तपासायची संख्या. मर्सेन संख्यांवर ती २ च्या पायाने कधीही करू नका. घातांक मूळ असला की ती प्रत्येक मर्सेन संख्येला पास करते, २०४७ सारख्या संयुक्त संख्येलाही. पाया ३ घेतला तर २०४७ लगेच पकडली जाते. आणि संख्या मर्सेन घराण्यातली नसेल तर ल्युका–लेमर लागूच होत नाही. तिथे मिलर–रॅबिन कसोटी वापरतात. कोणत्याही संख्येसाठी खात्रीशीर आणि तत्त्वतः वेगवान अशी पहिली पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

मूळ आहे हे कळल्यावर तिच्याकडून काय काय मिळतं

युक्लिडने दाखवलं होतं की २^घ − १ मूळ असेल तर तिला २^(घ − १) ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिची तीच असते अशी. ६ = १ + २ + ३, पुढे २८, ४९६, ८,१२८. आपल्या संख्येची परिपूर्ण संख्या २३०५८४३००८१३९९५२१२८, एकोणीस अंकी. १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लो यांचं मत होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडायची नाही, कारण अशा संख्या कुतूहलापुरत्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, आणि कोणी त्यांच्या मागे लागणार नाही. १८७६ मध्ये ल्युका यांनी २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, एकोणचाळीस अंकी. १८८३ मध्ये रशियातले धर्मगुरू इवान परवुशिन यांनी २^६१ − १ शोधली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या २^१३६२७९८४१ − १ मध्ये ४,१०,२४,३२० अंक आहेत. कुतूहलाला बार्लो यांनी फारच कमी लेखलं.

उपयोगाचं म्हणाल, तर १ वजा करून अवयव पाडा:

२,१४,७४,८३,६४६ = २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

हे गुणून पाहा, आणि ७, ३१ व १५१ हे मघाच्या ३२,७६७ मधले सोबती ओळखा. या अवयवांवरून आणखी एक गोष्ट तपासता येते. ७ चे घात घेत त्यांना आपल्या संख्येने भागत गेलात तर १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक बाकी एकदा येऊन गेल्यावरच फेरा १ वर परततो. तपासायचं असं: २१४७४८३६४६ ला वरच्या सात वेगवेगळ्या मूळ अवयवांनी पाळीपाळीने भागा, ७ चा तेवढा घात घ्या, एकदाही बाकी १ येता कामा नये. ७ चा पाचवा घात १६,८०७, आणि ५ हा वरच्या अवयवांत नसल्यामुळे तोही पूर्ण फेरा मारतो. याच गुणधर्मावर १९६९ मध्ये लुईस, गुडमन आणि मिलर यांनी यादृच्छिक संख्या देणारी कृती सुचवली, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला किमान दर्जा म्हणून पुढे केलं: आधीच्या संख्येला १६,८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ठेवा. १ पासून निघालात तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ अशा संख्या येतात आणि दहा हजाराव्या वेळी १०४३६१८०६५. तुमचा प्रोग्रॅम बरोबर लिहिला आहे का हे पाहायला हा आकडा आजही वापरता येतो. पासवर्ड किंवा गुप्त किल्ली बनवायला मात्र ही कृती वापरू नका. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

तिला ८ ने भागल्यावर ७ उरतात, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही, तीन वर्गांचीही नाही. चार वर्ग लागतातच.

आणि तिचा घातांक ३१ हा स्वतःही मर्सेन मूळ संख्या आहे, २^५ − १. अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, आपली संख्या, आणि ल्युका यांची २^१२७ − १. मग आपल्याच संख्येला घातांक केलं तर? २^२१४७४८३६४७ − १ ही संख्या लिहायला चौसष्ट कोटींहून जास्त अंक लागतात, पण ती संयुक्त आहे हे माहीत आहे. तिचा एक भाजक २९५२५७५२६६२६०३१. तो पहिल्या चाळणीत बसतो का ते वहीत पाहा: त्यातून १ वजा करा आणि २१४७४८३६४७ ने भागा. भागाकार १,३७,४९० येतो, सम, आणि खाली काहीच उरत नाही.